कोत द्यु रोन: फ्रान्सची रेड वाइन आपल्या इंदुरी ताटासोबत कशी प्यायची

पहिली बाटली आम्ही मे महिन्यात उघडली आणि सगळंच चुकलं. माझा भाचा तेव्हा फ्रान्समध्ये ल्योंला शिकत होता, सुट्टीत आला तर मावशीसाठी म्हणून एक रेड वाइन घेऊन आला, लेबलवर लिहिलेलं कोत द्यु रोन. आमचं घर रामबागेतलं, जुनं, स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर, मे महिन्यात रात्री साडेआठला सुद्धा भिंतीला हात लावला तर गरम लागते. बाटली दिवसभर ओट्यावर उभी होती कारण आम्ही हेच ऐकलेलं की रेड वाइन फ्रीजमध्ये ठेवायची नसते, रूम टेंपरेचरला प्यायची असते. आणि सोबत मी केलेलं मटण, चांगलं लालभडक, वर बोटभर तर्री. पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, जाऊबाई म्हणाल्या हा तर काढा आहे गं, आणि हे म्हणाले तिखट अजूनच तिखट लागून राहिलंय. भाच्याचा चेहरा एवढासा झाला, इतक्या लांबून बिचाऱ्याने जपून आणलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेली अर्धी बाटली त्याने फ्रीजमधून काढली, दहा मिनिटं बाहेर ठेवली, आणि मी सकाळी भाजून ठेवलेल्या वांग्याच्या भरताबरोबर थोडी थोडी सगळ्यांना दिली. तीच वाइन, खरंच तीच, इतकी वेगळी लागली की मी परत परत ग्लास नाकाशी नेत होते. तेव्हापासून त्याने जितक्या बाटल्या आणल्या, आणि नंतर आम्ही स्वतः घेतल्या, त्या प्रत्येकीसोबत मी काहीतरी आपलं घरचं करून बघितलंय आणि वहीत लिहून ठेवलंय. फ्रेंच लोकांच्या याद्या वाचून आपल्याला उपयोग होत नाही, त्यात कोकराची भाजलेली तंगडी आणि बदकाचं काय काय असतं. आपल्याकडे भाजी कुठली, मटण की चिकन, हे नंतर बघायचं, आधी बघायचं मसाला कसा आहे. भाजलेला मसाला असेल तर ही वाइन जमते, नुसतं तिखट असेल तर जमत नाही. बाकी सगळं या एका गोष्टीच्या आजूबाजूने फिरतं.

आधी ही वाइन आहे तरी काय

कोत म्हणजे उतार, टेकडीचा उतार, म्हणजे नावाचा अर्थ साधा सरळ रोन नदीकाठचे उतार. ही नदी स्वित्झर्लंडच्या हिमनदीतून निघते, जिनिव्हाच्या तलावातून जाते, ल्यों वरून खाली दक्षिणेला वळते आणि भूमध्य समुद्राला मिळते. विएन गावापासून आव्हिन्योंपर्यंत साधारण २०० किलोमीटरचा पट्टा, त्यात दोन्ही काठांना द्राक्षांचे मळे. आव्हिन्यों म्हणजे तेच शहर जिथे १३०९ ते १३७७ पोप राहायला होते, आणि त्या भागातली सगळ्यात नावाजलेली वाइन शातोनफ द्यु पाप हिच्या नावातच पोप आहे. ती महाग, ती सोडून द्या. आपण बोलतोय तिच्या घरातल्या साध्या बहिणीबद्दल, जी तिथे लोक रोजच्या जेवणाला उघडतात.

साधी म्हणजे कालची मात्र नाही. १७३७ मध्ये तिथल्या राजाने हुकूम काढला होता की इथून बाहेर जाणाऱ्या पिंपांवर सी डी आर ही तीन अक्षरं, म्हणजे कोत द्यु रोनची आद्याक्षरं, डागायची म्हणजे भेसळ कोणी करू नये. आजचा जो कायदेशीर शिक्का आहे, ए ओ सी, म्हणजे वाइन त्याच भागातली आणि तिथल्याच नियमांनी केलेली असल्याची हमी, तो या वाइनला १९३७ मध्ये मिळाला.

द्राक्षं मुख्य तीन, ग्रेनाश, सिरा आणि मूरवेद्र. ग्रेनाशची साल पातळ आणि आत साखर भरपूर, म्हणून वाइनमध्ये अल्कोहोल वाढतो आणि लाल फळांचा गोडसर वास येतो. सिरा म्हणजे रंग आणि काळ्या मिऱ्याचा झटका. मूरवेद्र थोडीच असते पण ती वाइनला अंग देते, थोडा मातकट, मांसल वास. दक्षिणेकडच्या बाटल्यांमध्ये ग्रेनाश जास्त असते आणि दुकानात दिसणाऱ्या बहुतेक बाटल्या दक्षिणेच्याच. तिकडे मिस्त्राल नावाचा जोरदार कोरडा वारा उत्तरेकडून सुटतो, तो वेली कोरड्या ठेवतो त्यामुळे बुरशी कमी लागते, आणि आजूबाजूच्या माळावर रानटी थाईम, रोझमेरी, लॅव्हेंडर वाढतं. त्या माळाच्या झुडपांना ते गारीग म्हणतात, आणि वाइनमध्ये तोच सुका झाडपाल्याचा वास येतो असं लोक सांगतात. मला तो कसा सापडला ते खाली सांगते.

बाटली घेताना

परदेशातून येणाऱ्या मोठ्या माणसाला दोन लिटरपर्यंत दारू ड्युटी न भरता आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात. कोणी येत असेल तर हाच सगळ्यात स्वस्त रस्ता, कारण आपल्याकडे बाहेरच्या वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्युटी राहिली आणि वर राज्याचा टॅक्स वेगळा, त्यामुळे तिथे जी बाटली भाजीपाल्याच्या हिशोबात बसते ती इथे दुकानात बघून दचकायला होतं.

लेबलवर फक्त कोत द्यु रोन असेल तर ती पहिली पायरी, व्हिलाज शब्द जोडलेला असेल तर एक पायरी वर, आणि जिगोंदास किंवा व्हाकेरास असं थेट गावाचं नाव असेल तर अजून वर आणि अजून जड. आपल्या जेवणाला पहिल्या दोन पायऱ्याच बऱ्या, खरं सांगते, महागडी आणि जड बाटली आपल्या मसाल्यापुढे उलट हरते. लेबलवरचं वर्ष बघा, ते द्राक्ष तोडल्याचं वर्ष असतं, साधी बाटली चार-पाच वर्षांच्या आत प्यावी, जुनी झाली की चांगली होते हे सगळ्या वाइनला लागू नाही. अल्कोहोल बघा, १३ ते साडेचौदा टक्के यात असतं, आणि मी नेहमी कमी टक्क्याची उचलते कारण तिखटासोबत अल्कोहोल जितका जास्त तितकी जीभ जास्त भाजते.

शापूतिए नावाच्या कंपनीची बाटली हातात आली तर लेबलवर बोट फिरवून बघा, बारीक उंचवटे लागतील. ते ब्रेल आहे. १९९६ पासून ते आपल्या लेबलांवर ब्रेल छापतात. माझ्या सासूबाईंची नजर आता अगदी अधू झालीय, त्यांनी बोट फिरवून विचारलं हे काय गं, आणि मी सांगितल्यावर कितीतरी वेळ त्या बाटली हातात धरून बसल्या होत्या. त्या स्वतः घेत नाहीत पण ती रिकामी बाटली त्यांनी टाकू दिली नाही, त्यात आता मनी प्लँट आहे.

फ्रेंच मिळत नसेल किंवा आधी हात बसवायचा असेल तर नाशिकची शिराझ घ्या. शिराझ आणि सिरा एकच द्राक्ष, फक्त नाव वेगळं. चव तंतोतंत सारखी येणार नाही, पण मिरे ओळखायला, थंड किती करायची ते समजायला आणि खालच्या जोड्या करून बघायला ती अगदी चालते. कट्टर शाकाहारी असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या, वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग किंवा जिलेटिन वापरतात, म्हणून व्हेगन लिहिलेली बाटली शोधा. आणि आपल्या मध्य प्रदेशात कायद्याने वय २१, घरात कॉलेजची मुलं असतील तर ते सांभाळा, आणि ज्याला गाडी चालवत विजय नगरला परत जायचंय त्याला आग्रह करू नका.

थंड करायची, हो, रेड असली तरी

रूम टेंपरेचर हा शब्द थंड देशातल्या दगडी घरांचा आहे, तिथे खोली सोळा-अठरा डिग्री असते. इंदूरमध्ये एप्रिल-मे ची खोली ३२-३४. तेवढ्या गरम वाइनमधून अल्कोहोलची वाफच आधी नाकात जाते, फळांचा वास मागे राहतो आणि तोंडात ती जाडी, कडू लागते. आमच्या पहिल्या बाटलीचं हेच झालं.

ही वाइन १५-१६ डिग्रीला छान लागते. उन्हाळ्यात ओट्यावरची बाटली असेल तर फ्रीजच्या मधल्या कप्प्यात साधारण दीड तास, हिवाळ्यात चाळीस मिनिटं. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी अर्धं अर्धं करून बाटली मानेपर्यंत बुडवा, पंधरा मिनिटांत काम होतं, नुसत्या बर्फात लवकर गार होत नाही, पाणी पाहिजेच. बाटली हाताला माठातल्या पाण्यासारखी लागली पाहिजे, फ्रीजच्या बाटलीसारखी नाही. खूप गार झाली तर वास बंद होतो आणि तुरटपणा टोचायला लागतो, मग ग्लास दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं बसा. ग्लासात बर्फ टाकू नका, पाणचट होते.

ग्लास काचेचा, मोठा, तोंडाशी जरा निमुळता. वाइन ग्लास नसेल तर सरबताचा मोठा ग्लास चालेल, स्टीलचा पेला नको, त्यात रंग दिसत नाही आणि पेला भरभर गरम होतो. एक तृतीयांशच भरायचा म्हणजे फिरवायला जागा राहते, एका बाटलीत पाच जणांचं होतं. उघडल्यावर वीस मिनिटं ग्लासात तशीच राहू द्या, तेवढ्यात पोळ्या लाटून होतात.

वास ओळखताना आपल्या डब्यातले वास शोधा

इंटरनेटवर वाचाल तर लिहिलेलं असतं रास्पबेरी, ब्लॅकबेरी, गारीग. मी रास्पबेरी आयुष्यात एकदाच खाल्लीय, मग वास कसा ओळखणार. भाच्याने मला वेगळी युक्ती सांगितली की मावशी तू मसाल्याचा डबा आणि फळांची टोपली घेऊन बस. मी खरंच बसले.

पहिला वास लाल फळांचा येतो, मला तो तुतीचा आणि फालशाचा वाटला, पिकून मऊ झालेल्या फालशांचा, ठेल्यावरून पानात बांधून आणलेल्या. मागून जांभूळ येतं. मग मिरे. हा मिऱ्याचा वास नुसती कल्पना नाही बरं का, सिराच्या सालीत रोटंडोन नावाचं द्रव्य असतं आणि तेच द्रव्य काळ्या मिऱ्यात असतं, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवून दिलं. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही. आमच्याकडे यांना येत नाही, मिरे कुटून नाकाशी धरले तर येतो पण वाइनमध्ये नाही, म्हणून तुम्हाला नाही आला तर तुमचं नाक खराब आहे असं समजू नका.

आणि गारीग. थाईम मी आणलं, हुंगलं, आणि लक्षात आलं की हा वास तर मला लहानपणापासून माहीत आहे, हा ओवा आहे. नंतर वाचलं की दोघांत थायमॉल हे एकच तेल आहे. तेव्हापासून मी ओव्याचे चार दाणे तव्यावर गरम करून हाताशी ठेवते, आधी ते हुंगते मग ग्लास, आणि तो कोरडा झाडपाल्याचा वास वाइनमधून अलगद बाहेर येतो. करून बघा, पहिल्यांदाच करणाऱ्याला पण पटकन सापडतो.

तोंडात घेतल्यावर हिरड्यांना आणि जिभेला जे कोरडं कोरडं, आवळल्यासारखं होतं ते टॅनिन. जांभूळ खाल्ल्यावर होतं तेच, किंवा जास्त उकळलेला कोरा चहा. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतं, आपल्या लाळेतल्या प्रोटीनला जाऊन चिकटतं म्हणून तोंड कोरडं पडतं. मांस, पनीर, डाळ, तूप, शेंगदाणे समोर असले की त्या टॅनिनला चिकटायला दुसरं काहीतरी मिळतं आणि वाइन मऊ लागते. या वाइनमध्ये टॅनिन मध्यम असतं, बोर्दो या दुसऱ्या फ्रेंच वाइनसारखं जबर नसतं, म्हणूनच ती आपल्याला जमण्यासारखी आहे. आणि फळांचा वास येतो म्हणून गोड असेल असं वाटतं पण साखर जवळपास नसतेच.

जेवणाआधी दोन मिनिटांची एक परीक्षा

पाहुणे आले की मी हे मुद्दाम करते कारण मग पुढे काही समजवावं लागत नाही. एका ताटलीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, चिमूटभर साखर. आधी वाइनचा नुसता एक घोट. मग लिंबू जिभेला लावून घोट, वाइन एकदम गुळगुळीत आणि कमी आंबट लागेल, थोडी फिकी पण. पाणी प्या. मग मीठ लावून घोट, कडूपणा कमी झालेला आणि फळ वर आलेलं. पाणी प्या. मग साखर आणि घोट, आता तीच वाइन आंबट, कडू आणि पाणचट. एवढं झालं की कोणीही सांगेल की जेवणात मीठ नीट पाहिजे, लिंबू थोडं चालेल, गोड अजिबात नको. आपल्या इंदुरी हाताला गोडाची सवय आहे, आमटीत गूळ, भाजीत चिमूटभर साखर, त्या दिवशी तेवढा हात आखडायचा.

तिखटाची परीक्षा मी करत नाही, ती आमच्या मे महिन्यातल्या रात्रीने करून दाखवली. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते, टॅनिनने अजून बोचते. म्हणून मिरची निम्मी करा आणि तिची जागा मिऱ्याने भरा.

काय जमतं

सगळ्यात वर माझ्या वहीत भरीत. मोठं काळं वांगं, तेल लावून थेट गॅसवर किंवा निखाऱ्यावर, साल पूर्ण काळी पडून फुटेपर्यंत, आत लसणाच्या चार पाकळ्या खोचून. साल काढताना थोडे काळे कण राहिले तर राहू द्या, पाण्याखाली धुवू नका, सगळा धूर वाहून जातो. हातानेच कुस्करा, मग शेंगदाण्याचं जाडसर कूट, मीठ, बारीक चिरलेला थोडा कांदा, एक हिरवी मिरची भाजून तिच्या बिया काढून, आणि वरून तेलात लसूण लाल करून चरचरीत फोडणी. दही घालू नका. ज्वारीची भाकरी, भरीत, आणि गार केलेली कोत द्यु रोन. धुराचा वास, लसूण, शेंगदाण्याचं तेल, आणि घोट घेतल्यावर ते जांभूळ आणि मिरे. मी मटणापेक्षा याला वर ठेवते आणि घरात यावर वाद आहे.

मटण. आता ते कसं बदललं ते सांगते. अर्धा किलो मटणाला दोन मोठे कांदे उभे चिरून तेलात चॉकलेटी होईपर्यंत, अर्धी वाटी सुकं खोबरं मंद आचेवर तपकिरी, थोडे धणे, एक चमचा तीळ, दोन लवंगा, दालचिनीचा छोटा तुकडा, सगळं भाजून वाटलेलं. लाल मिरची फक्त रंगापुरती, अर्धा चमचा, आणि ती पण कमी तिखटाची. काळे मिरे एक चमचा, जाडसर कुटून, आणि ते शेवटी घालायचे, उकळीत जास्त वेळ राहिले तर वास उडून जातो. टोमॅटो मी वगळते, आंबटपणा आणि टोमॅटोची ती विशिष्ट चव वाइनला कडक करते. घरचा काळा मसाला असेल तर एक चमचा. रस्सा पातळ नको, अंगाबरोबर. मटणावर थोडी चरबी असू द्या, खाटकाला सांगून घ्या. हे मटण आणि व्हिलाज वाली बाटली, हिवाळ्यात, त्या दिवशी जाऊबाईंनी दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला.

भरली वांगी पण जमतात, पण चिंच-गुळाची नेहमीची गोष्ट अर्धी करा आणि तीळ-खोबरं वाढवा. थालीपीठ, ज्याची भाजणी नीट खमंग भाजलेली आहे, वर घरचं लोणी, हे इतकं सोपं आहे आणि इतकं छान लागतं की मला आश्चर्य वाटतं लोक चीज शोधत का फिरतात. भाजणीत धणे असतात, मळताना मी ओवा घालते, मग ते सगळं वाइनमधल्या वासाला हात देतं. चीजच पाहिजे असेल तर घरातला साधा खारट चीज क्यूब सुद्धा चालतो. पनीर असेल तर लोखंडी तव्यावर मिरे-मीठ-ओवा लावून खरपूस केलेलं, मखनी ग्रेव्ही नको, ती गोड असते.

दाल-बाफले. बाफला आधी उकळतात आणि मग शेकतात, बाटीपेक्षा तो आतून मऊ असतो, आणि तुपात बुडवलेला. तुपामुळे वाइन एकदम रेशमी लागते आणि शेकलेल्या गव्हाचा वास जुळतो. पण डाळ आंबट-गोड केली तर मजा जाते, साधी तुरीची, हिंग-जिरं-लसणाची करा. चुरम्याचे लाडू ग्लास संपल्यावर.

सुरुवातीला हातात द्यायला रतलामी सेव, लवंगेची. लवंग आणि मिरे दोन्ही त्यात आहेत, मीठ आहे, तेल आहे. फार तिखट ब्रँड असेल तर भाजलेले खारे शेंगदाणे अर्धे मिसळा.

काय करू नका

जिलबी, श्रीखंड, पुरणपोळी, मावाबाटी, गोड काहीही या वाइनसोबत नको, वर साखरेची परीक्षा केलीच आहे. दहीवडा आणि कढी नको, दही आणि टॅनिन तोंडात एकत्र आले की खडूसारखं लागतं. ठेचा, कैरीचं लोणचं, लिंबाचं गोड लोणचं ताटात डावीकडे आलंच तर वाढू द्या पण घोटाच्या आधी खाऊ नका. भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, कीस मला जीव की प्राण आहे, पण त्याचा दुधाळ गोडवा ही वाइन दाबून टाकते, दोन्हींचं नुकसान, मी चारदा करून बघितलं आणि सोडून दिलं. मासे नको, रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी जुळलं की तोंडात नुसता हिवस वास राहतो.

चिकनचं विचारतात लोक. तंदूरचं, दह्याचा आंबटपणा कमी ठेवून, चालतं. बटर चिकन नाही.

उरलेली बाटली

कॉर्क परत लावून, उभी, फ्रीजमध्ये, तीन दिवस. दुसऱ्या दिवशी ही वाइन बरेचदा जास्त मोकळी लागते. तिसऱ्या दिवसानंतर आंबूस व्हायला लागली तर मटणाचा कांदा परतताना अर्धी वाटी टाका आणि पूर्ण आटवा. न उघडलेली बाटली इंदूरच्या उन्हाळ्यात फ्रीजच्या डोक्यावर किंवा स्वयंपाकघराच्या माळ्यावर कधीच ठेवू नका, तिथे ती शिजते, कॉर्क वर येतो. आतल्या खोलीतलं कपाट, खालचा कप्पा, आडवी झोपवून म्हणजे कॉर्क ओला राहतो. आमच्याकडे ती पैठण्यांच्या कपाटात खाली असते.

आणि हिवाळा आला की एक गोष्ट नक्की करा. इंदूरच्या सराफ्यात रात्री गराडू सुरू होतात, म्हणजे एक कंद, तळून बाहेरून कडक, आतून पिठूळ, वर लिंबू आणि जिरावण हा आपला इंदुरी तिखट मसाला. ठेलेवाल्याला सांगायचं भिया जिरावण वेगळं बांधून द्या, म्हणजे तिखट आपल्या हातात राहतं. राजवाड्यावरून रामबागेत यायला आम्हाला दहा मिनिटं लागतात. निघायच्या आधी घरी फोन करून बाटली उघडायला सांगायची आणि ग्लास भरून ठेवायला, कारण गराडू एकदा निवला की तो चिवट होतो, पुडी उघडल्यावर कॉर्क काढत बसायला वेळ नसतो.